जपलेला डावा गुडघा: लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर चाल पुन्हा शिकवण्याचं एक प्रकरण

शस्त्रक्रियेला साडेपाच महिने झाल्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे आली, तेव्हा ती लंगडत नव्हती. हे मुद्दाम आधी सांगते. लंगडत असती तर मला, तिच्या आईला आणि तिच्या प्रशिक्षकांना लगेच कळलं असतं. ती सरळ चालत आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मॅडम, आता काय त्रास न्हाय. फक्त खेळायला सुरू करू का तेवढं सांगा."

मी तिला चपला काढून व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर चार फेऱ्या मारायला सांगितल्या आणि स्वतः पाठ करून उभी राहिले. बघायचं नव्हतं, ऐकायचं होतं. उजवा पाय पडला की भरीव 'धप' यायचा. डावा पडला की 'टप', कुणी झोपलेल्या घरात पाय टाकावा तसा. चार फेऱ्यांत एकदाही चुकलं नाही.

ती एकवीस वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका गावची, कबड्डीत चढाई करणारी. हे सगळं तिच्या संमतीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे बारकावे बदलले आहेत.

दुखापत या खेळात नेहमी होते तशीच झाली. बोनस रेषेवर पाय टाकून ती मध्यरेषेकडे वळली. डावा पाय मॅटवर रोवलेला, अंग वळलेलं, आणि कोपऱ्यातली मुलगी कंबरेला धरायला झेपावलेली. गुडघा आत गेला. 'टच्' असा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला. तासाभरात गुडघा टम्म फुगला. मग नेहमीचा क्रम: पहिले दोन आठवडे तेल लावून चोळणं, एकदा विहिरीच्या पायऱ्या उतरताना गुडघा निसटणं, मग एमआरआय. गुडघ्याच्या मधलं पुढचं लिगामेंट (हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा), म्हणजे एसीएल, पूर्ण तुटलेलं. आतल्या बाजूची गादी, म्हणजे दोन हाडांमधला मेनिस्कस, तीही फाटलेली. दुखापतीनंतर अकराव्या आठवड्यात मांडीच्या मागच्या स्नायूंचे दोर घेऊन नवं लिगामेंट बसवलं. गादीचा फाटलेला तुकडा शिवण्याजोगा नव्हता, तेवढा कापून काढला. शस्त्रक्रिया उत्तम झाली होती. लिगामेंट ओढून तपासलं तर घट्ट होतं.

घरी आजी. दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले, उठताना हात मांडीवर, "वंगण संपलंय माझं" हे दिवसातून दहा वेळा. मुलीच्या आईला हीच भीती होती. तिनं मला पहिल्याच दिवशी विचारलं, "डॉक्टर, हिचं पण आत्यांसारखं होईल का?" (सासूबाईंना ती आत्या म्हणते.)

खोटं बोलून चालण्यासारखं नव्हतं. स्वीडनमध्ये एसीएल तुटलेल्या महिला फुटबॉलपटूंची दुखापतीनंतर बारा वर्षांनी तपासणी झाली. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्या बायकांचं सरासरी वय तेव्हा ३१ होतं, आणि ज्यांचे एक्स-रे काढले त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणींच्या गुडघ्यात झीज दिसली. एकतीस म्हणजे आपल्याकडे पहिलं मूल शाळेत जायला लागायचं वय. लिगामेंट बसवलं म्हणून ही झीज टळते, असंही नाही. स्वीडनमधल्याच दुसऱ्या एका चाचणीत १२१ जणांचे दोन गट केले. एका गटाची शस्त्रक्रिया लवकर केली, दुसऱ्या गटाला आधी फक्त व्यायाम दिला आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. पाच वर्षांनी एक्स-रेमधल्या झिजेत दोन्ही गटांत फरक नव्हता. गुडघा निसटू नये आणि गादी पुन्हा फाटू नये यासाठी शस्त्रक्रियेची गरज पडते, आणि या मुलीला ती होतीच. पण कूर्चेचं, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराचं, पुढं काय होणार, ते बरंचसं त्या गुडघ्यावर नंतर रोज काय येतं यावर ठरतं.

आईला मी एवढंच म्हटलं, "धोका आहे. पण आत्यांचा गुडघा आणि हिचा गुडघा वेगळा आहे. हिच्यात अजून करण्यासारखं खूप काही आहे."

मग मोजमाप. माझ्याकडे प्रयोगशाळा नाही. बाजारात मिळणारे दोन वजनकाटे, पिशवी तोलायचा हुकाचा काटा, मोबाइल आणि चिकटवायचे रंगीत ठिपके, एवढंच सामान. दोन काटे शेजारी ठेवून तिला एकेका काट्यावर एकेक पाय ठेवायला सांगितला आणि खुर्चीवर बसल्यासारखं खाली जायला लावलं. तिचं वजन ५४ किलो. उजव्या काट्यावर ३३, डाव्यावर २१. तिला विचारलं, दोन्ही पायांवर सारखं वजन वाटतंय का? "हो, अगदी सारखं." आकडा दाखवल्यावर ती बराच वेळ खाली बघत राहिली. स्वतःच्या अंगानं आपल्याला न सांगता काहीतरी ठरवून टाकलंय, हे तिला त्या क्षणी कळलं असावं.

मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद हुकाच्या काट्यानं मोजली. टेबलावर बसवून, घोट्याला पट्टा बांधून, गुडघा काटकोनात ठेवून जोर लावायला सांगितलं. उजवा ३९ किलो, डावा २४. म्हणजे डावा उजव्याच्या ६२ टक्के. गुडघा पूर्ण सरळ व्हायला तीन अंश कमी पडत होता. वाटीच्या कडेला हात फिरवला की आत थोडं पाणी अजून हलत होतं. मोबाइलवर संथ गतीत पाहिलं, तर टाच टेकून वजन घेताना उजवा गुडघा १६ अंश वाकत होता आणि डावा फक्त ७. असं मोजताना दोन-तीन अंश इकडे-तिकडे होतात, पण ९ अंशांचा फरक चुकीनं येत नाही.

निरोगी माणूस पाय टेकवतो तेव्हा गुडघा पंधरा-वीस अंश वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू तो धक्का झेलतो, गाडीचा शॉकअप दबावा तसा. तिचा डावा गुडघा वाकतच नव्हता. काठीसारखा ताठ ठेवून, हलकेच टेकवून, ती पटकन उजव्यावर जात होती. सहा महिने दिवसाला हजारो पावलं तिनं अशीच टाकली होती.

इथं बहुतेकांची गल्लत होते, माझीही कित्येक वर्षं होत होती. झीज म्हणजे जास्त वापर, असं आपण धरून चालतो. टायर झिजतो तसं. म्हणून सल्ला एकच: जपा. जिना टाळा, मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, जोर देऊ नका. पण कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. तिला पोसणारं पाणी सांध्यातच असतं आणि दाबल्या-सोडल्यानं ते आत-बाहेर होतं, ओल्या स्पंजसारखं. दाब आला नाही तर पोषण कमी होतं आणि कूर्चेतल्या पेशी तिची डागडुजी मंदावतात. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातला एक छोटा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात एसीएल शस्त्रक्रिया झालेल्या बावीस जणांची चाल आधी आणि सहा महिन्यांनी मोजली आणि पाच वर्षांनी एक्स-रे काढले. ज्यांच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला झीज सुरू झाली, ते सुरुवातीला त्या गुडघ्यावर जास्त नव्हे, कमी भार टाकत होते. बावीस म्हणजे फार लोक नव्हेत, हे मान्य. पण त्यानं माझी नजर बदलली. तेव्हापासून मी 'जपून' हा शब्द रुग्णांशी बोलताना वापरायचा सोडला.

उलट टोकही खरंच आहे. गादी कापलेल्या, स्नायू कमजोर असलेल्या गुडघ्यावर एकदम उड्यांचा मारा केला तर तो बिघडतो. म्हणून भार द्यायचा, पण झेलायला शिकवून द्यायचा, आणि गुडघा सुजतोय का यावर रोज डोळा ठेवायचा.

गुडघा ताठ का राहतो, याचं मूळ आळसात नसतं. सांध्यात पाणी साचलं की तिथून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूला दाबून ठेवतात. निरोगी माणसाच्या गुडघ्यात नुसतं थोडं सलाईन भरलं तरी तो स्नायू लगेच ढिला पडतो, दुखत नसतानाही. म्हणजे पोरगी मन लावून जोर करत असते आणि वायरमध्ये करंटच येत नसतो. पुढं सूज ओसरते, पण चालायची जी पद्धत पडली ती पडलीच.

पहिले पाच आठवडे आम्ही चालीला हात लावला नाही. टाचेखाली उशी ठेवून गुडघा सरळ करणं, बर्फ, स्नायू जागवायला विजेचा हलका झटका, आणि आठवड्यातून तीन दिवस मांडीच्या पुढच्या स्नायूचा खरा, जड व्यायाम. तालुक्याच्या जिममध्ये लेग एक्स्टेन्शनचं मशीन होतं. तिथल्या ट्रेनरनं तिला सांगितलं होतं की लिगामेंटवाल्यांनी या मशीनला हात लावायचा नाही. नव्या लिगामेंटवर पहिल्या काही महिन्यांत या व्यायामाचा ताण पडू शकतो, म्हणून तेव्हा कोन मर्यादित ठेवतात. त्या काळजीत तथ्य आहे. पण सहाव्या महिन्यात तोच व्यायाम टाळला तर हा स्नायू उभा राहत नाही. बैठका मारताना माणूस नकळत कमरेवर आणि दुसऱ्या पायावर काम ढकलतो, आणि हिच्या काट्यावर ते दिसतच होतं. मी ट्रेनरला फोन करून समजावलं. त्या मुलानं मनापासून ऐकलं आणि पुढचे सहा महिने तिची वही त्यानंच ठेवली.

सातव्या महिन्याच्या मध्यावर गुडघा पूर्ण सरळ झाला आणि पाणी ओसरलं. मग चाल.

'गुडघा वाकव' असं मी तिला कधीच म्हटलं नाही. एकदा म्हणून पाहिलं असतं तर ती लाकडी बाहुलीसारखी चालली असती. स्वतःच्या सांध्याकडे लक्ष दिलं की हालचाल आखडते, लक्ष बाहेर ठेवलं की अंग स्वतःची वाट काढतं. सायकल शिकताना हँडलकडे बघणारा पडतो, तसंच. म्हणून सूचना एकच: "दोन्ही पायांचा आवाज सारखा येऊ दे." व्हरांड्यात ती चालायची, मी पाठ करून ऐकायची. पहिल्या दिवशी डावा पाय आपटायला लागला, त्यालाही सारखा आवाज म्हणता येत नाही. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर ठोक्याचं ॲप लावलं, कारण डाव्या पायावर ती कमी वेळ थांबत होती. ठोक्याला ठोका मिळाला की थांबणं आपोआप सारखं झालं. आठवड्यानं तिनंच सांगितलं, "मॅडम, डाव्या मांडीत चालताना भरून येतंय." मला हवं होतं ते नेमकं हेच.

आधी प्रत्येक फेरीनंतर मी बरोबर की चूक ते सांगायची. मग तीन फेऱ्यांनी एकदा. मग तिनं विचारलं तरच, आणि सांगायच्या आधी तिला स्वतःचा अंदाज सांगायला लावायची. काट्यांवरही हेच: आधी आकडा बघत, मग आकड्यावर फडकं टाकून, खाली जाऊन उठल्यावर फडकं काढून. सुरुवातीला तिचा अंदाज दहा किलोनं चुकायचा. महिनाभरात तो दोन किलोंवर आला. घरी ती शेताच्या बांधावर आणि कालव्याच्या उतारावर चालायची. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूला लपायला जागा नसते.

घरातलं वळण बदलायला मात्र वेळ लागला. आई तिला खाली बसू द्यायची नाही. जेवायला खुर्ची, कपडे धुवायला बहीण. आजी ओट्यावरून ओरडायची, "पोरी, जपून उतर गं." तिची काळजी खरी होती आणि त्या काळजीनंच डावा पाय दिवसभर मोकळा राहत होता. मी एक दिवस दोघींना बोलावलं आणि काटे दाखवले. आईनं आकडे दोनदा वाचले. त्या आठवड्यापासून पाण्याची कळशी हिच्याकडे आली आणि जेवण पुन्हा मांडी घालून जमिनीवर.

साडेसातव्या महिन्यात एक गोष्ट घडली, जिच्यात मी पूर्वी फसले असते. एका पायावर लांब उडी मारायची चाचणी घेतली. उजवा १२८ सेंटिमीटर, डावा १२०. चौऱ्याण्णव टक्के. नव्वदच्या वर गेलं की खेळायला परवानगी, हा अनेक ठिकाणचा रिवाज. तिला हर्ष झाला. मग मी तिला त्याच पायावर जागेवरून सरळ वर उडी मारायला सांगितली. उजवा १७ सेंटिमीटर, डावा १२. एकाहत्तर टक्के. दोहाच्या अस्पेटार रुग्णालयातल्या संशोधकांनी हे नीट मोजून दाखवलं आहे: पुढं लांब उडी मारताना बहुतेक जोर कंबर आणि घोट्याचा असतो, गुडघ्याचा वाटा साधारण आठवा हिस्सा. सरळ वर उडी मारताना मात्र तो तिसरा हिस्सा होतो. म्हणजे लांब उडीत गुडघा चोरी करून पास होतो. काही वर्षांपूर्वी मी अशाच चौऱ्याण्णव टक्क्यांवर एका मुलाला मैदानात पाठवलं होतं. त्याचं लिगामेंट पुन्हा तुटलं. कारण तेवढंच असेल असं नाही, पण तो आकडा मी विसरलेले नाही.

उतरण्याच्या सरावातही तीच चोरी. फूटभर उंचीच्या ओट्यावरून ती उतरायची तेव्हा आवाज छान मऊ यायचा, पण कंबर मागं आणि छाती पुढं टाकून, गुडघा जागच्या जागी ठेवून. 'गुडघा पायाच्या बोटांच्या पुढं जाऊ द्यायचा नाही' हे तिला शाळेपासून शिकवलेलं. मी तिच्या पायापुढं दोन खुर्च्यांना सुतळी बांधली आणि म्हटलं, उतरताना सुतळीला गुडघ्यानं हलकेच शिवायचं. दर आठवड्याला सुतळी दोन बोटं पुढं. एका शब्दानंही मी गुडघ्याचा कोन सांगितला नाही.

आठव्या महिन्यात गाडी अडली. पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता आणि मुलींना मैदानी चाचणीत ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते. मला न सांगता ती तीन दिवस सलग डांबरी रस्त्यावर ८०० मीटर धावली. चौथ्या दिवशी गुडघा फुगून आला. काट्यावर डावा पुन्हा २३. महिनाभराचं शिकलेलं तीन दिवसांत पुसलं, कारण पाणी आलं की स्नायू बंद आणि स्नायू बंद की जुनी चाल परत. ती रडली. मी रागावले नाही, कारण त्या नोकरीवर घरातल्या पाच जणांचा डोळा होता. दहा दिवस धावणं बंद केलं, व्यायाम चालू ठेवला, आणि एक नियम ठरवला: सकाळी उठल्यावर वाटीच्या कडेला स्वतः हात फिरवायचा. पाणी हललं तर त्या दिवशी धावायचं नाही. नसेल तर एक दिवसाआड, मातीवर. साडेदहाव्या महिन्यात ती मैदानी चाचणी देऊन आली. सरळ रेषेत धावायला मी हो म्हटलं होतं, कबड्डीला नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या एका अभ्यासात दिसलं होतं की नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणं जितकं लांबवावं तितका पुन्हा दुखापतीचा दर प्रत्येक महिन्याला जवळपास निम्म्यानं उतरतो. दुसरी दुखापत म्हणजे गादीचा आणखी एक तुकडा, आणि झिजेकडं जाणारा सगळ्यात जवळचा रस्ता तोच.

कबड्डीसाठी आणखी एक गोष्ट शिकवावी लागली. लिगामेंटमध्ये स्थितीची जाण देणारे मज्जातंतू असतात. ते तुटल्यावर मेंदू ती उणीव डोळ्यांनी भरून काढतो, आणि मेंदूच्या तपासण्यांमध्ये हे दिसलं आहे. जमिनीकडं बघून ती उत्तम वळायची. पण चढाईत डोळे पायाकडं नसतात, समोरच्या सात जणींकडं असतात. म्हणून तिचा धाकटा भाऊ कामाला लावला. तो समोर उभा राहून बोटं दाखवायचा, ती वळता वळता आकडा ओरडायची. नंतर आकड्याऐवजी 'कबड्डी कबड्डी' एका दमात. दम धरून वळायचं म्हटल्यावर डावा गुडघा पहिल्या दिवशी पुन्हा काठी झाला. तीन आठवडे लागले. मी वाचलेल्या कुठल्याच परदेशी कार्यक्रमात हा सराव नव्हता, आणि माझ्या मते कबड्डीपटूसाठी तो सगळ्यात मोलाचा आहे.

साडेबाराव्या महिन्याची मोजमापं अशी: मांडीची ताकद उजवीकडं ४२ किलो, डावीकडं साडेअडतीस, म्हणजे ९२ टक्के. उजवाही सात महिन्यांत वाढला होता, त्यामुळं नुसत्या टक्क्यांवर मी समाधानी राहिले नाही. पण डावा आता सुरुवातीच्या उजव्याइतका होता. एका पायावर वर उडी १८ आणि १६. चालताना गुडघा १६ आणि १४ अंश. काट्यावर २७ आणि २७, फडकं टाकूनसुद्धा. तिला मॅटवर सोडलं, आधी पंधरा मिनिटं आणि फक्त ओळखीच्या मुलींसोबत.

यानं तिची झीज टळेल का? चाल बदलता येते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि इतरांनी मोजूनही दाखवलं आहे. चाल बदलल्यानं पंधरा वर्षांनी कूर्चा शाबूत राहते, असं सिद्ध करणारी दीर्घ चाचणी अजून झालेली नाही. आईला मी हेच सांगितलं. सोबत हेही, की मांडीचा पुढचा स्नायू कमजोर असलेल्यांत गुडघ्याची झीज जास्त होते, म्हणून जिमची वही वयाच्या तिशीतही बंद करायची नाही, आणि वजन वाढू द्यायचं नाही. आई म्हणाली, "म्हंजे औषध संपणार न्हाय." नाही संपणार.

गेल्या महिन्यात तिनं सरावाच्या सामन्याचा व्हिडिओ पाठवला. मी आवाज बंद केला आणि फक्त डावा गुडघा पाहिला. पहिल्या चार चढायांत वळताना तो नीट वाकला. पाचव्या चढाईला, दमल्यावर, पुन्हा ताठ. मी तिला वेळ लिहून पाठवली, सहा मिनिटं बारा सेकंद. दोन मिनिटांत उत्तर आलं: "मला पण तिथंच जाणवलं. बुधवारी काटे घेऊन येते."